पाहुण्यांनी उन्हात बसायचं

"पाहुणे ना? मग उन्हात," हेरवड्याच्या मैदानाच्या फाटकावरचा माणूस म्हणाला आणि त्यानं आम्हा दोघांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले.

"गूळ कशाला?" मी विचारलं.

"चक्कर येऊ नये म्हणून. गेल्या वर्षी इचलकरंजीचे दोघं आडवे झाले. आमच्या गावाचं नाव खराब होतं."

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गूळ तोंडात टाकला आणि शेंगदाणे शर्टाच्या खिशात सोडले. त्या खिशात ताईच्या लग्नाची पत्रिका होती. ती चुरगळू नये म्हणून आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली होती. पिशवी आप्पांनी टेम्पोतच पानाच्या पिचकारीसाठी वापरली होती.

फाटकातून आत पाऊल टाकतोय तोवर फोन वाजला.

"दिली का?" आई.

"आई, आम्ही आत्ता आलोय."

"आलाय तर द्या की. आलाय कशाला मग?"

तिचं बरोबर होतं. बाकी दोन टेम्पो भरून आलेले लोक आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाला, चिंचतळ तालमीला, पाठिंबा द्यायला आले होते. आम्ही दोघंही तसंच सांगून आलो होतो. पण आमच्या घरात त्या दिवशी फुटबॉलचं कुणालाही काही पडलं नव्हतं. कोल्हापुरात, आमच्या पेठेत, याला आजारपण समजतात.

भानगड अशी होती. ताईचं लग्न पुढच्या रविवारी. पत्रिका छापून, हळदकुंकू लावून, वाटून झाल्या होत्या आणि त्यात 'आपले नम्र'च्या खाली दोन नावं होती. एक आप्पांचं. दुसरं आप्पांच्या धाकट्या भावाचं, रंगाकाकाचं. म्हणजे सगळ्या पेठेला रंगाकाका लग्नाचं आमंत्रण देऊन बसला होता. आमच्या समजुतीप्रमाणं ही गोष्ट फक्त रंगाकाकाला माहीत नव्हती, कारण तो हेरवड्याला राहत होता आणि नऊ वर्षं आप्पांशी बोलत नव्हता.

नाव घातलं आईनं, परस्पर छापखान्यात जाऊन. आप्पांना कळलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आता एकतर सगळ्या पत्रिकांवर खोडरबर घेऊन बसा, नाहीतर हेरवड्याला जाऊन त्यांना बोलावून आणा. मॅच आहेच रविवारी."

"यजमानाला कोण आमंत्रण देतंय? नाव आहे की त्याचं."

"मग त्यांना सांगा तरी की ते यजमान आहेत."

ताईनं या वादात एकच वाक्य टाकलं होतं. काका नसेल तर ती हार घालताना हसणार नव्हती. फोटोग्राफरला तिनं तसं आधीच कळवून ठेवलं होतं. तिला सायकल काकानं शिकवली, पोहायला काकानं शिकवलं, शिट्टीही काकानंच. ती हे सगळं गंमतीत बोलत होती, पण आदल्या रात्री मी पाणी प्यायला उठलो तर ती अंधारात ओट्याला टेकून उभी होती आणि मला म्हणाली, "दिग्या, आणशील ना रे त्याला?" मी दिग्विजय. तोवर मी काहीही जिंकलेलं नव्हतं. इंजिनिअरिंगचे दोन विषयसुद्धा राहिले होते.

आणि भांडण कशावरून, तर एका गोलवरून. दोघंही चिंचतळकडून खेळायचे. काका गोलकीपर, आप्पा बॅकला. आप्पा तेव्हा चाळिशीला टेकले होते, पण आमच्या तालमीत निवृत्ती नसते, फक्त दुखापत असते. फायनलची शेवटची मिनिटं, बरोबरी, आणि आप्पांनी मागं न बघता काकाकडं पास दिला. काका गोलखांबाला टेकून मोजा वर ओढत होता. बॉल त्याच्या शेजारून आत गेला. इतका हळू गेला म्हणे, की लोकांनी उभं राहून त्याला वाट करून दिली.

"तू बघितलं नाहीस," काका म्हणाला.

"तू होतास कुठं?" आप्पा म्हणाले.

हे संभाषण घरी जेवताना चालू राहिलं, महिनाभर चाललं, आणि एक दिवस काकानं बायकोच्या गावाजवळच्या साखर कारखान्यात नोकरी धरली. जाताना बोलून गेला, "दादा स्वतःच्या तोंडानं बोलवेपर्यंत मी या घराचा उंबरा ओलांडणार नाही." आप्पा म्हणाले, "गोल त्याचा होता हे तो कबूल करेपर्यंत मी त्याच्याशी तोंड उघडणार नाही." एकाला बोलावणं तोंडी पाहिजे, दुसऱ्याचं तोंड बंद. असं सगळं नीट बसलं होतं.

हेरवड्याच्या मैदानाचे नियम टेम्पोतच आम्हाला समजावून सांगण्यात आले होते. एका बाजूला मातीचा उंच बांध, त्यावर गाव बसतं, सावलीत. समोर उघड्यावर पाहुणे. आमच्या पाठीमागं ऊस. बॉल उसात गेला तर पाहुण्यांनीच आणायचा, कारण उसाची पानं कापतात, आणि ती पाहुण्यांनाच कापलेली बरी. एका कोपऱ्यात मैदानाच्या आत चक्क कडुनिंब उभा आहे. बॉल फांदीला लागला तर खेळ चालू, फांदीत अडकला तर थ्रो. आणि गोलपोस्टच्या मागं पिराचं ठाणं. बॉल ठाण्यात गेला तर तो फक्त मुजावर दस्तगीरचाचा आणणार. यजमान संघ एका गोलनं पुढं असला की चाचांचे गुडघे फार दुखतात, असा अनुभव होता.

आप्पांनी ठाण्याजवळ बसलेल्या दस्तगीरचाचांच्या शेजारी जागा धरली. मिनिटभरानं उठून उसाकडं गेले. परत आले. पुन्हा उठले.

"मूळव्याध काय?" चाचांनी मला विचारलं.

"नाही. भाऊ आहे."

"कुठं?"

मी बोट वर केलं. बांधाच्या मधोमध टेबल, टेबलावर माईक, माईकमागं जाड भिंगाचा चष्मा लावलेला रंगाकाका. नऊ वर्षांत त्याचं पोट पुढं आलं होतं आणि केस मागं गेले होते. हेरवड्याच्या स्पर्धेचं समालोचन गेली काही वर्षं तोच करत होता, हे आम्हाला माहीत होतं. कर्णे चारी बाजूंना आहेत आणि त्यातला एक बरोबर पाहुण्यांच्या डोक्यावर आहे, हे माहीत नव्हतं.

"नमस्कार हेरवडेकर," कर्णा म्हणाला आणि आप्पा जागच्या जागी खाली बसले. "आज चिंचतळ तालीम आपली पाहुणी. पाहुण्यांना विनंती, गूळ खाऊन घ्यावा."

मॅच सुरू झाली. पहिल्या काही मिनिटांत बॉल दोनदा उसात आणि एकदा निंबाला लागला. मग हेरवड्याच्या एका बॅकनं आपल्याच गोलकीपरकडं पास दिला, जरा आखूड, आमचा फॉरवर्ड मधे घुसला आणि गोल. आम्ही उठून नाचलो. आप्पा नाचले नाहीत. ते कर्ण्याकडं बघत होते.

कर्ण्यात काका खाकरला. मग म्हणाला, "बॅकनं मागं न बघता बॉल दिला की असं होतं. ही गोष्ट शाळेतल्या पोरांना कळते. काही लोकांना उन्हात बसवलं तरी कळत नाही."

बांध हसला. आप्पांचे कान लाल झाले.

"कागद दे," ते म्हणाले.

"कसला?"

"कसला म्हणजे? कागद."

मी फाटकावर मिळालेलं स्पर्धेचं पत्रक दिलं. आता इथली पद्धत सांगितली पाहिजे. कुणाही प्रेक्षकाला खेळाडूसाठी बक्षीस जाहीर करता येतं. चिठ्ठी लिहून टेबलावर द्यायची, समालोचक ती देणाऱ्याच्या नावासकट वाचतो. टेबलावर आलेली चिठ्ठी वाचलीच पाहिजे, हा नियम काकानं स्वतःच मॅचच्या आधी माईकवरून सांगितला होता. आप्पांनी लिहिलं: हेरवड्याच्या गोलकीपरला, मोज्याशी न खेळता बॉलकडे बघितल्याबद्दल, एक डझन अंडी. हिंदुराव दत्ताजी इंगवले.

"ही नेऊन दे."

"आप्पा, पत्रिका देऊ का सोबत?"

"चिठ्ठी दे म्हटलं ना."

मी अख्ख्या मैदानाला वळसा घालून बांधावर चढलो. काकानं मला बघितलं. तेरा वर्षांचा बघितला होता, आता बावीसचा होतो, पण नाक तेच होतं, घराण्याचं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग त्यानं चिठ्ठी घेतली, डोळा मैदानावर ठेवूनच वाचली.

"बक्षीस. आपल्या गोलकीपरला, मोज्याशी न खेळता बॉलकडे बघितल्याबद्दल, एक डझन अंडी. देणार..." तो थांबला. "देणार, एक हितचिंतक."

मी परत येईपर्यंत आप्पा उसाच्या कडेला येरझाऱ्या घालत होते.

"नाव गिळलं त्यानं," ते म्हणाले. "बघितलंस? नाव गिळलं."

"नियमानं वाचायला पाहिजे," दस्तगीरचाचा म्हणाले. "पण अंडी पण जरा कमीच आहेत."

फोन वाजला.

"दिली का?"

"आई, आप्पा अंडी देतायत."

"काय देतायत?"

मी फोन ठेवला. मध्यंतराआधी हेरवड्यानं बरोबरी केली, कॉर्नरवरून, निंबाची फांदी मधे घेऊन. पंचांनी फांदीला गोलचं श्रेय द्यावं की खेळाडूला यावर थोडी चर्चा झाली. आप्पांनी दुसरी चिठ्ठी लिहून ठेवली होती. चिंचतळच्या बॅकला, सगळे पास बघून दिल्याबद्दल, कोल्हापुरी चप्पल एक जोड. हिंदुराव दत्ताजी इंगवले. नाव या वेळी मोठ्या अक्षरात.

"चप्पल कुठाय?"

आप्पांनी पायातली काढली आणि माझ्या हातात दिली.

मी चप्पल आणि चिठ्ठी घेऊन पुन्हा बांधावर. काका मैदानाकडं बघत होता, मी माईकपासून लांब, हळूच म्हटलं, "काका, ताईचं लग्न आहे."

"माहीत आहे," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "कोल्हापुरातनं चार जणांचे फोन आले. रंगराव, आमंत्रण मिळालं, येतो म्हणाले. मी म्हटलं या."

"मग तू?"

"मला कुणी बोलवलंय?" त्यानं चप्पल उलटी करून बघितली. टाच एका बाजूनं झिजलेली होती. "अजून तिरकाच चालतो होय." मग माईक जवळ ओढला. "बक्षीस. चिंचतळच्या बॅकला चपलांचा एक जोड. वापरलेला आहे. देणाऱ्याचं नाव लिहिलंय, पण वाचता येत नाही. पीठ सांडल्यासारखं अक्षर आहे."

आमची पिठाची गिरणी आहे. बांधावरच्या लोकांना ते माहीत असायचं काही कारण नव्हतं, तरी ते खूप हसले.

मध्यंतरात पद्धतीप्रमाणे पाहुण्यांना चहा आला. आप्पा अनवाणी, तापलेल्या मातीवर एकेक पाय उचलत चहा पीत होते. मी त्यांना म्हटलं, "आप्पा, त्याला सगळं माहीत आहे. तुम्ही फक्त चला. एक वाक्य बोलायचं. 'रंगा, लग्नाला ये.' संपलं."

"आणि गोल?"

"गोल राहू दे."

"गोल राहू दे म्हणणं सोपं असतं." ते कपाकडं बघत म्हणाले. "नऊ वर्षं तो चार लोकांत माझं नाव घेत नाही, दिग्या. समोर गेलो आणि तिथंही नाही घेतलं, तर काय करू? तिथं उसातसुद्धा शिरता येत नाही, सगळे बघत असतात."

मी आप्पांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. चाचांनी आपली वहाण काढून त्यांच्या पायाखाली सरकवली आणि दुसरीकडं बघू लागले.

उत्तरार्धात कुणालाच काही जमत नव्हतं. बॉल ठाण्यात गेला, बरोबरी असूनही चाचांचे गुडघे दुखायला लागले, आमचे लोक ओरडायला लागले. आईचे फोन आले, मी कापले. ताईचा आला, कापता आला नाही.

"काय झालं?"

"एक-एक."

"मॅचचं नाही विचारत मी," ती म्हणाली आणि तिनंच ठेवला.

सूर्य समोर आला होता. आम्ही सगळे कपाळावर हात धरून, कुणाला तरी सलाम करत असल्यासारखे उभे. शेवटची काही मिनिटं उरली होती. मला खात्री झाली की आम्ही जसे आलो तसे टेम्पोत चढणार, आणि रविवारी फोटोतली ताई न हसता उभी असणार.

"पेन आण," आप्पा म्हणाले.

"पत्रक संपलंय. कागद नाही."

त्यांनी खिशातून पत्रिका काढली. तिला शेंगदाण्याची फोलपटं चिकटली होती, ती फुंकून उडवली. उलट्या, कोऱ्या बाजूवर लिहिलं: आजच्या उत्कृष्ट समालोचकाला, वर्षभराचं दळण मोफत.

"आप्पा, तो साठ किलोमीटरवर राहतो. दळण घेऊन येणार कसा?"

"तो बघेल. नाव लिहीत नाही आता. मागं आहे. छापील आहे. अक्षर वाचता येत नाही म्हणायला नको त्यानं."

मी पळत गेलो. अनवाणी आप्पाही निम्म्या वाटेपर्यंत मागून आले आणि कॉर्नरच्या निंबाखाली थांबले. आम्हाला कॉर्नर मिळाला होता. सगळं गाव उभं होतं. काकाचं सगळं लक्ष बॉलवर. त्यानं हात लांब केला, मी पत्रिका ठेवली, आणि त्यानं जी बाजू वर आली ती वाचायला घेतली, सवयीप्रमाणं, एका श्वासात.

"बक्षीस. श्री कुलस्वामिनी प्रसन्न."

बांधावरच्या दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले.

"आमची ज्येष्ठ कन्या चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी ऋतुजा..." कर्ण्यातला आवाज थोडा बसला. पण काका माईकवर कधी थांबत नसे, थांबणं त्याला कमीपणाचं वाटे. तो पुढं वाचत गेला. मुलाचं नाव, गाव, तारीख, मुहूर्त, गोरज नाही, दुपारचा, कार्यालयाचा पत्ता, पार्किंगची सोय. मैदान हळूहळू गप्प झालं. पंच तोंडात शिट्टी धरून कर्ण्याकडं बघत होता. "तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, हे आग्रहाचे निमंत्रण. आपले नम्र."

इथं तो थांबला.

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खाली निंबाजवळ अनवाणी माणूस उभा होता. बॉलवर कुणाचंच लक्ष नव्हतं.

"आपले नम्र," काका पुन्हा म्हणाला. चारी कर्ण्यांतून त्याचा श्वास ऐकू येत होता. "आमचे दादा. आणि मी."

आमच्यातल्या कोणीतरी तेवढ्यात कॉर्नर मारला आणि कोणीतरी डोकं लावलं. तो गोल होता. आम्ही ती मॅच दोन-एकनं जिंकलो. हे आम्हाला नंतर पंचाच्या वहीवरून समजलं. गोल कुणाचा, यावर आजही आमच्या तालमीत तीन मतं आहेत, कारण बघितलाच कुणी नाही.

बांधावरून एकजण ओरडला, "रंगराव, सगळ्यांनी यायचं का?"

काकानं पत्रिकेकडं बघितलं. आलेली चिठ्ठी वाचून झाली होती. वाचलेलं परत घेता येत नव्हतं.

"सहकुटुंब लिहिलंय," तो म्हणाला.

आप्पा बांधावर न जाता सरळ टेम्पोत जाऊन बसले. काकाही खाली उतरून आला नाही. फक्त गाडी निघताना फाटकावरच्या माणसानं चपलांचा जोड खिडकीतून आत टाकला. "बॅक म्हणतोय त्याच्या मापाचा नाही," तो म्हणाला.

वाटेत मी विचारलं, "म्हणजे आता त्याला आमंत्रण झालं का?"

"मी कुठं दिलं? मी बक्षीस दिलं."

"आणि तो येणार का?"

आप्पांनी खिडकीबाहेर बघत चपला घातल्या. "त्यानं तिथं साऱ्या गावाला बोलावलंय. यजमानानं नको का यायला?"

रविवारी, मुहूर्ताच्या तासभर आधी, कार्यालयासमोर दोन ट्रक, एक ट्रॅक्टर आणि मोटारसायकलींची रांग लागली. ट्रॅक्टरवर हेरवडे स्पोर्ट्सचा झेंडा होता. संपूर्ण संघ, दोन्ही बॅकसकट. पिराची चादर पांघरलेले दस्तगीरचाचा. फाटकावरचा माणूस, ज्यानं आत येताना आमच्याच दारातल्या लोकांच्या हातावर गूळ ठेवायला सुरुवात केली. सगळ्यात मागं काकू आणि नवा फेटा बांधलेला रंगाकाका. ताईनं त्याला मांडवातून बघितलं आणि सगळ्या वऱ्हाडासमोर तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. सासूबाई दचकल्या.

काका आणि आप्पा एकमेकांसमोर आले. दोघांनी एकमेकांच्या खांद्यापलीकडच्या खांबाकडं बघितलं. मग काका फुलांच्या बाजूला गेला आणि आप्पा बँडवाल्यांच्या. अक्षता पडेपर्यंत तसंच चाललं. मी दोघांच्या मधे पळत होतो, पण न्यायला निरोपच नव्हता.

पंगती बसल्या तेव्हा खरा घोळ कळला. आचाऱ्यानं स्वयंपाक आमच्या माणसांचा केला होता. हेरवड्याचे लोक उन्हातून, ट्रकमधून उभ्यानं आलेले, आणि जेवायला बसले की बसणारे. दुसऱ्या पंगतीला मधोमध वाढपी रिकाम्या पातेल्याशी उभा राहिला. मुलाकडचे लोक अजून बसायचे होते. आई पदर खोचून आचाऱ्याकडं धावली. आप्पा पातेल्यात वाकून बघत होते, जणू तळाशी कुणी लपलंय.

मग ते उठले आणि सरळ मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेले, जिथं काका पाण्याचे जग भरत होता. मी मागोमाग गेलो.

"रंगा," आप्पा म्हणाले. "भात संपला."

काकानं जग खाली ठेवला.

"तांदूळ कुठाय?"

"गिरणीत."

"चावी?"

आप्पांनी कमरेची चावी काढून दिली. काकानं फेटा उतरवून माझ्या डोक्यावर ठेवला आणि बाह्या सारल्या.

"तू पाणी उकळायला ठेव, दादा," तो म्हणाला. "मी आलोच."